रेडियमखालचा ओरखडा

मी एक जुना बॅरिकेड आहे. पोलीस रस्त्यात आडवा लावतात तो, पिवळा, लोखंडी. मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं असेल, आणि मी दिसताच तुमच्या वडिलांनी गाडी हळू करून खिशातलं लायसन्स चाचपलं असेल. माझ्याकडे कुणी प्रेमाने पाहत नाही. मलाही कुणाचं फारसं प्रेम नाही. मी ज्या पोलीस ठाण्याचा आहे त्याचं नाव मी सांगणार नाही. शिरूरकडचं की दौंडकडचं, हेही विचारू नका. नाव सांगितलं की लोक त्या एका ठाण्यावर तोंडसुख घेतात आणि बाकीचे आपोआप सुटतात.

माझा जन्म रांजणगावजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये झाला. चौकोनी पाइप कापले, वेल्डिंग केलं, मधे पत्रा बसवला. वेल्डर बिहारचा होता. शेवटचा सांधा जोडून त्याने मला एक लाथ घातली आणि म्हणाला, "मजबूत है. कोई ठोकेगा तो भी नहीं मुडेगा." मला ते कौतुक वाटलं होतं. मग पेंटर आला. पत्र्यावर एका सराफाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण खर्च त्याचा होता. 'पोलीस' हा शब्द त्याच्याहून लहान आणि 'वाहने सावकाश चालवा' त्याहून लहान. मधल्या आडव्या पाइपवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत रेडियमची पट्टी चिकटवली. गाडीच्या दिव्याचा उजेड पडला की मी लांबूनच चमकायचो. माझ्यातलं खरं कामाचं तेवढंच होतं, बाकी नुसतं वजन.

निमोण्याकडून रांजणगावला जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याजवळ मला उभं केलं. सकाळ-दुपार शिफ्टची माणसं दुचाक्यांवरून जायची. कंपनीची बस आतल्या गावांपर्यंत येत नाही. त्या फाट्यावर पोपटराव हवालदारांचं राज्य होतं. गाडी थांबली की त्यांचा हात आधी चावीकडे जायचा. 'कागद दाखवा' नाही, 'कुठे निघालात' नाही. चावी काढायची आणि मुठीत ठेवायची. हा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. मग अर्धा अर्धा तास तो माणूस त्यांच्या मागे मागे फिरायचा. अहो, हेल्मेट नसेल तर दंड करा ना! मशीन हातात आहे, चलन करा आणि सोडा. पण नाही. आधी त्याच्या आईबापाचा उद्धार, मग दंड.

आणि काळ्या काचांची गाडी आली की? आतला माणूस चार बोटं काच खाली करून फोन बाहेर धरायचा. "भाऊंशी बोला." पोपटराव त्या फोनला उभ्या उभ्या सलाम ठोकायचे, हो साहेब, हो साहेब म्हणत मला स्वतः बाजूला ओढायचे. लोखंडाला ओकारी येत नाही म्हणून बरं.

तुमच्या घरचे गाडीवालेही काही साधे नाहीत. एका मोटरसायकलवर तिघं, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, आणि मी दिसलो की उसाच्या बांधावरून पळायचं. शिवाय माझी रेडियमची पट्टी कुणी नेली? त्यांच्यापैकीच कुणीतरी. एक तुकडा कुणाच्या मडगार्डवर गेला, एक दुधाच्या किटलीवर. उरलेली पट्टी उन्हाने पोपडे धरून गळून पडली. तिसऱ्या वर्षी माझ्या अंगावर नखाएवढाही तुकडा उरला नव्हता.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि ट्रॉल्यांना रेडियम लावायची मोहीम निघाली. मला धुतलं, पुसलं, हार घातलेल्या ट्रॉलीशेजारी उभं केलं. ठाण्याच्या मोठ्या साहेबांचा फोटो पेपरात आला आणि कोपऱ्यात मीही आलो. माझं तेवढंच काय ते कौतुक. त्याच दुपारी खंडू नावाचा ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या ऊस घेऊन आला.

"मागं रेडियम कुठंय रे?" पोपटरावांनी विचारलं. चावी अर्थातच मुठीत गेली होती.

"ऱ्हायलंय सायेब. आज लावतो."

"लोकं मेल्यावर लावणार व्हय?"

पोपटराव बरोबर बोलले होते. मी हे कबूल करतो. पण खंडूने माझ्याकडे बोट केलं. "आन् ह्याला कुठं हाय, सायेब? ह्यो तर रस्त्याच्या मधीच उभा हाय."

तीन तास खंडूला माझ्या शेजारी उन्हात उभं केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पोपटराव सांगत होते, "बघा, ह्यो आम्हाला कायदा शिकवतोय." संध्याकाळी सुवर्णा नावाच्या कॉन्स्टेबलने हळूच विषय काढला. "साहेब, तो बोलला ते खरं हाय. गाडीत रेडियमचा अख्खा रोल पडलाय. ह्याला लावू का?"

"त्यो ट्रॉल्यांसाठी आणलाय. तू लई हुशारी करू नको."

सुवर्णा गप्प बसली. मला तिचा राग आला, पोपटरावांपेक्षाही जास्त. तिला कळत होतं ना!

आता गौतमीबद्दल सांगतो. निमोण्याची गौतमी ओव्हाळ रोज सकाळी निळ्या स्कूटीवरून पहिल्या शिफ्टला जायची. मागे तिचे वडील तात्याबा बसायचे. ते पुढे फुलांच्या मळ्यावर मजुरीला उतरायचे. गौतमी कंपनीत कंत्राटी होती आणि त्या हिवाळ्यात तिला कायम करणार होते. सगळे कागद झाले होते, फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा राहिला होता. एकदा पोपटरावांनी तिला थांबवलं. हेल्मेट होतं, विमा होता, पीयूसी होतं. डावा आरसा तेवढा तुटलेला होता.

"कुठं निघालात मॅडम?" इथवर ठीक होतं. मग त्यांनी लायसन्सवरचं आडनाव वाचलं. "बापाला मागं बसवून हिंडतीस आन् आरसा बसवता येत न्हाई व्हय गं?"

आडनाव वाचलं आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. तात्याबा मान खाली घालून उभे राहिले. गौतमीने दंड भरला, चावी मागून घेतली आणि उलट एक शब्द बोलली नाही. तिला तो दाखला हवा होता.

जानेवारीत एका संध्याकाळी नाकाबंदी संपली. मला ओढून कडेला लावायचं असतं. पोपटरावांना कंटाळा आला. "सकाळी परत लावायचाच हाय, ऱ्हाऊ दे तिथंच," म्हणाले आणि निघून गेले. सकाळी घोड नदीच्या बाजूने धुकं आलं. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधे अर्धा रस्ता अडवून मी, धुळीने माखलेला. स्कूटीचा दिवा मला दिसला. ती हळू येत होती, मित्रांनो, मी शपथेवर सांगतो. पण मी तिला दिसत नव्हतो. मला ओरडता येत नाही. मला एक पाऊल बाजूला होता येत नाही.

वेल्डर म्हणाला होता तसंच झालं, मी वाकलो नाही. स्कूटी मला घासून फिरली, गौतमी उसात पडली, आणि मी आडवा झालो तो तात्याबांच्या उजव्या पायावर.

"पोरी, तुला लागलं का?" तात्याबांनी माझ्याखालून विचारलं.

"आबा, मला दिसलंच न्हाई! मला काय बी दिसलं न्हाई!" ती मला दोन्ही हातांनी उचलायला बघत होती. माझं वजन तिला झेपेना. पहिल्यांदाच मला माझ्या मजबुतीची किळस आली.

अ‍ॅम्ब्युलन्स त्या दोघांना घेऊन गेली. मग पोपटराव आणि सुवर्णा आले. धुकं विरलं होतं. माझ्या पत्र्यावरून मधल्या पाइपवर आणि तिथून वरपर्यंत निळ्या रंगाचा लांब ओरखडा उठला होता. पोपटरावांनी तो पाहिला की नाही, कोण जाणे. त्यांनी मला उभं केलं, गाडीतून तोच रोल आणला आणि पाइपवर भराभर नवी कोरी पट्टी चिकटवली. इतके महिने जे काम करायला वेळ नव्हता, ते अर्ध्या मिनिटात झालं.

"साहेब..." सुवर्णा म्हणाली.

"बघतीस काय? टेप धर, माप घे."

तिने माप घेतलं. फोटो काढले. चहाच्या टपरीवरून दोन पंच आणून पंचनाम्यावर सह्या घेतल्या. 'बॅरिकेडवर रेडियमची पट्टी स्पष्ट दिसत होती. दुचाकीस डावा आरसा नव्हता. चालक मुलीचे लक्ष नव्हते.' आरशात मागचं दिसतं हो! मी तिच्या समोर उभा होतो! पण हे कोण विचारणार? दवाखान्यात गौतमीचा जबाब घेतला. ती रडत खरं तेच म्हणाली, "मला दिसलं न्हाई." तेवढं एक वाक्य त्यांना पुरलं. हयगयीने गाडी चालवली म्हणून तिच्यावरच गुन्हा दाखल झाला. तात्याबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गुन्हा असलेल्या मुलीला चारित्र्याचा दाखला कोण देणार? कंपनीने तिला सांगितलं, हे मिटेपर्यंत कामावर येऊ नको.

मला आणि त्या निळ्या स्कूटीला कागदाची चिठ्ठी बांधून ठाण्याच्या मागच्या आवारात टाकलं. आता आम्ही दोघं मुद्देमाल होतो. माझ्या अंगावर पट्टी अशी चमकत होती की मला माझीच लाज वाटायची.

तीन आठवड्यांनी गौतमीची आई ताईबाई आली. स्कूटीच्या डिकीत तात्याबांचा चष्मा राहिला होता. त्यांना आता घरात बसून राहायचं होतं, निदान पेपर तरी वाचतील, म्हणून ती चार दिवस हेलपाटे घालत होती. सुवर्णा तिला मागे घेऊन आली. ताईबाईने चष्मा काढला, पदराने पुसला, आणि उठता उठता तिची नजर माझ्यावर थांबली. ती खाली वाकली. पत्र्यावरच्या निळ्या ओरखड्यावरून तिने बोट फिरवलं. ते बोट पट्टीपाशी अडलं, पट्टीच्या वर पुन्हा निघालं.

"बाई," तिने सुवर्णाला विचारलं, "ह्यो रंग आमच्याच गाडीचा हाय न्हवं? मग ह्यो पट्टीच्या खालनं कसा गेला?"

ताईबाईने पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं. पट्टी जरा उचलली आणि खाली निळा रंग दिसला.

"ए बाई! मुद्देमालाला हात लावू नको!" पोपटराव दारातून ओरडत आले.

"आन् तुमी लावला तवा?" ताईबाई उभी राहिली. "माझी लेक रोज रातीला उठून बसती. मीच आबाचा पाय घालवला म्हणती. जेवत न्हाई ती. तुमी तिला येवढं खोटं खायला घातलं व्हय?"

"आत टाकीन तुला. पोलिसाच्या कामात आडवी येतीस?"

"टाका. ह्या लोखंडाच्या शेजारी टाका."

पोपटरावांनी तिचा दंड धरला. तेव्हा सुवर्णा मधे आली. "साहेब, हात सोडा. पट्टी अपघातानंतर तुम्ही चिकटवली. मी तिथं होते. मोठ्या साहेबांना मी लिहून देते." मग ती ताईबाईकडे वळली. "मावशी, आता तुम्ही पण हात लावू नका. ही चार माणसांसमोर निघायला पाहिजे."

तिने मोबाइलवर माझे फोटो काढले. पोपटराव तिला काय काय बोलले, ते मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही लहान आहात. त्याच दिवशी इन्स्पेक्टर साहेब आले, नवे पंच आले आणि पट्टी सगळ्यांसमोर काढली. निळा ओरखडा पत्र्यापासून वरपर्यंत, पट्टीच्या जागेवरूनही, सलग होता. पुढे गौतमीवरचा गुन्हा रद्द झाला. पोपटरावांची चौकशी लागली आणि त्यांना दुसऱ्या ठाण्यात पाठवलं. तिथेही रस्ता असणारच. सुवर्णाचं मी कौतुक करणार नाही. तिने उशीर केला, आणि हे तिलाही माहीत आहे.

परवा गौतमी आईबरोबर स्कूटी न्यायला आली. बराच वेळ माझ्यासमोर उभी राहिली. "आये, ह्यो खरंच दिसत नव्हता?"

"कुनालाच दिसला नसता, गौतमे."

"मग माझं लक्ष व्हतं." एवढंच म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. मला तिला सांगायचं होतं, होय पोरी, तुझं लक्ष होतं. तुझ्या आबांचा पाय माझ्याखाली गेला, तुझ्यामुळे नाही.

चौकशी संपेपर्यंत मी इथेच गंजत पडून राहणार. मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या फाट्यावर माझा एखादा भाऊ रेडियमशिवाय रस्त्यात उभा असेल, तर तिथल्या पोलिसाला जाऊन सांगा. तो खेकसेल, कदाचित तुमच्या वडिलांच्या गाडीची चावी काढून घेईल. तरी सांगा. खंडूने एकदा सांगितलं, त्याला उन्हात उभं केलं. सुवर्णाने एकदा सांगितलं आणि गप्प बसली. त्यानंतर त्या फाट्यावरून रोज शेकडो माणसं माझ्या शेजारून गेली. त्यांतल्या एकाने जरी तिसऱ्यांदा सांगितलं असतं, तर आज सकाळी तात्याबा स्वतःच्या दोन पायांनी मळ्यावर गेले असते.