टाइम-मातेचा आशीर्वाद

महाल भागातल्या गिरिधर महाराजांच्या दारी पाय ठेवायला जागा नव्हती. आत कपाटाएवढं विलायती घड्याळ. टोले पडले की पोटातला बाजा आपोआप वाजे आणि झरोक्यातून हातभर बाहुली बाहेर येई. कुठल्याशा साहेबाच्या लिलावातली ती मडम. महाराजांनी नऊवारी नेसवली आणि झाली देवी! समोर पाटावर बसलेल्याला तिनं हात उचलून आशीर्वाद दिला, तर माणूस शुद्ध. नाही उचलला, तर अंगात भूत.

"टाइम-माता सब जानती है!" महाराज गरजत.

शामलासाठी मात्र तो हात पाच दिवसांत एकदाही उचलला नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून सासू जिजाबाईंनी तिला इथं आणून टाकलं. आशीर्वाद मिळेपर्यंत ती घड्याळाच्या खोलीत, बाहेरून कडी. नवरा ताराचंद कोराडीच्या वीजघरात फिटर. दिवसभर यंत्रं खोलायची आणि सुट्टीत या यंत्रापुढं हात जोडायचे! काय म्हणावं या माणसाला? रडून रडून तिचे डोळे सुजले, जीव नुसता कोंडून गेला.

सहाव्या दिवशी दुपारी दोनला महाराज जेवायला गेलेले. बाजा वाजला, बाहुली आली आणि तिनं रिकाम्या पाटालाच झकास आशीर्वाद दिला! शामला रडायची थांबली आणि मोजू लागली. गाणी चार, तासाला एक, फिरून फिरून तीच. हात उचलायचा तो एकाच गाण्याला: दहा, दोन, सहा. महाराज तिला बसवायचे अकराला. भूत आहे तोवर सासरहून तुपाचा डबा येणार ना!

रविवारी घरची माणसं आली. अकराला पुन्हा नकार.

"आणखी महिनाभर ठेवा," महाराज म्हणाले.

"आत्याबाई, दोन वाजेपर्यंत थांबा," शामला सासूला गयावया करत म्हणाली. दोनला तिनं पाटावर खराटा ठेवला.

"हे काय करून राहिली वं?" जिजाबाई ओरडल्या.

"माताजी के आराम का टाइम है!" महाराज धावले, पण टोले पडलेच. टाइम-मातेनं खराट्याला भरभरून आशीर्वाद दिला. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"आता मागची फळी खोला," शामला नवऱ्याला म्हणाली. "तुमचंच काम आहे."

आत भाता, पाव्यांची रांग आणि खिळे ठोकलेला लाकडी रूळ. रूळ फिरला की खिळे पाव्यांत हवा सोडत. एका गाण्याला एक लांब खिळा जास्त, तो बाहुलीच्या हाताची तार ओढे. ताराचंदनं बोटानं तार ओढली, देवीनं हात वर केला. महाराज केव्हाच पसार झाले होते.

"असं तं मी रोज पाहतो कोराडीले," ताराचंद पुटपुटला.

"मंग मले काहून कोंडलं?"

शामला गर्दीकडे वळली. "लोकहो, हात जोडायच्या अगोदर एकदा मागून पाहत जा. तुमच्या हात जोडण्यानं माणूस कोंडल्या जाते."

"चाल घरी, पोरी," जिजाबाई हळूच म्हणाल्या. "पण मूल...?"

"ते डॉक्टरीणबाईले विचारू. तपासणी दोघांचीबी होईन," शामलानं नवऱ्याकडे पाहिलं. "पहिले तुमची."