क्रॅन्डलसाहेबांच्या तळघरातली भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे. शिकागोच्या पश्चिमेकडच्या वस्तीत, एका दुमजली घराच्या तळघरात चाळीस वर्षे बसून आहे. मित्रांनो, मी ओतीव लोखंडाची, त्यामुळे मला जागचे हलता येत नाही. पण माझ्या पत्र्याच्या नळ्या घरातल्या प्रत्येक खोलीत गेल्या आहेत. त्यांतून माझी ऊब वर जाते आणि वरचे बोलणे खाली येते. ते खाली येत नसते तर मी सुखात राहिले असते.

तरुणपणी माझा थाट होता. घरमालकीण पाहुण्यांना मुद्दाम तळघर दाखवायला आणायची. महायुद्ध संपता संपता ती मंडळी गाव सोडून गेली आणि घर क्रॅन्डलसाहेबांनी घेतले. राहायला नव्हे, विकायला. विकायचेही असे की घर त्यांच्याच नावावर राहावे. घेणाऱ्याने दरमहा हप्ता द्यायचा, कर भरायचा, दुरुस्त्या करायच्या. खरेदीखत मात्र शेवटच्या हप्त्यानंतर. एक हप्ता चुकला की करार मोडला आणि आधीचे सगळे भाड्यात गेले. काळ्या माणसांना बँका दारातूनच परत पाठवीत, म्हणून ती साहेबांकडे येत.

पहिल्या कुटुंबाने नव्या खिडक्या बसवल्या आणि ते गेले. दुसऱ्याने न्हाणीघर बांधले आणि तेही गेले. मग मिसिसिपीहून आलेले अलोन्झो आणि व्हर्डेल पेटवे आले. अलोन्झो पोलादाच्या कारखान्यात होता. माझी राख तो स्वतः काढायचा आणि माझ्याशी बोलायचाही. त्याचा मला फार लळा लागला.

नऊ वर्षे एक तारखेला क्रॅन्डलसाहेब स्वतः येत, व्हर्डेलच्या हातचा मक्याचा पाव खात आणि हप्ता नेत.

"असा पाव मिळाला तर मी रोज येईन," ते एकदा म्हणाले.

"रोज नका येऊ, साहेब. आम्ही काय खायचं मग?" अलोन्झो हसला.

"छपराचं काय केलंस?"

"झालं की. चर्चमधली माणसं आली, दोन शनिवारांत नवं करून टाकलं."

"वा. आता घर घरासारखं दिसतंय."

हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. खिडक्या बसल्या तेव्हा आणि न्हाणीघर झाले तेव्हाही साहेब नेमके हेच बोलले होते. दोन्ही वेळा पुढच्या महिन्यात ते आले नव्हते.

याही वेळी एक तारखेला ते आले नाहीत. दोनला नाहीत, तीनला नाहीत.

"आज चार तारीख," व्हर्डेल म्हणाली. "करारात पाच तारखेपर्यंत ऑफिसात द्यायचं असं लिहिलंय. तू जाऊन देऊन ये."

"नऊ वर्षं माणूस आपल्या टेबलाशी बसून नेतोय. एकदम दारात जाऊन उभा राहिलो तर वाटेल, यांचा आपल्यावर भरवसा नाही."

"वाटू दे."

"बघू उद्या."

ते 'बघू उद्या' ऐकून माझा धीर सुटला. पाच तारखेला दुपारी त्याला आठवण द्यायला मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून नळ्या बडवायला सुरुवात केली. एका नळीचा सांधा निखळला आणि धूर वर गेला. अलोन्झो धावत खाली आला, तेव्हा त्याच्या अंगावर रविवारचा कोट होता आणि खिशात पैशांचे पाकीट. तो ऑफिसातच निघाला होता.

मी गप्प झाले, पण सांधा उघडाच होता. त्याने कोट काढला.

"काय गं म्हातारे, आजच सुचलं का तुला?" असे म्हणत त्याने सांधा जोडला, काजळी काढली. तो वर गेला तेव्हा ऑफिस बंद झाले होते.

सहा तारखेला साहेबांनी पैसे घेतले नाहीत. "मी काय करू, अलोन्झो? तारीख तुझ्या सहीच्या वरच लिहिलीय," एवढेच म्हणाले.

महिन्याभरात पोलीस आले आणि पेटव्यांचा पलंग फुटपाथवर गेला. जाण्याआधी व्हर्डेल खाली आली. तिने माझ्यात दोन फावडी कोळसा घातला. "पुढच्यांचे नळ गोठायला नकोत," ती स्वतःशीच म्हणाली. मला तिच्याकडे बघवले नाही.

आता वर नवे जोडपे आले आहे. मागचा दरवाजा कुजलाय, उन्हाळ्यात नवा बसवू, असे ते बोलत असतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे माझ्या वयाच्या वस्तू सांगतात. मी उलटे सांगते. घर नावावर होईपर्यंत आमच्याकडे लक्ष देऊ नका. थंडी वाजली तर वाजू द्या, आधी हप्ता पोचवून पावती घ्या. मला आता आवाज करायची भीती वाटते. तुम्हाला तोंड आहे. कोणीतरी वर जा आणि त्या बाईला सांगा.