चिखलाशिवाय चिखल्या

“पाय पुसायचे टॉवेल वेगवेगळे ठेवा. आणि खाज थांबली तरी मलम आणखी दोन आठवडे लावा,” असं बाबांचे पाय तपासून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सोबत गेलेल्या आईने मान डोलावली आणि दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत ते विसरूनही गेली. मित्रांनो, मी त्यांच्या घरातला एक जुना टॉवेल आहे. बाथरूमच्या दारामागे कायम ओला लटकणारा.

दुकानातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, पाहुण्यांसाठी राखलेला. मग एका काठाचा धागा उसवला आणि माझी बदली तोंडावरून थेट पायांवर झाली.

बाबा गाड्या धुण्याच्या गॅरेजात कामाला. दिवसभर रबरी बुटांत पाय. बोटांच्या बेचक्यांतली कातडी भिजून पांढरी पडलेली, वासाचं तर विचारूच नका. खाज सुटली की मला बेचक्यात घालून करकरा घासायचे. सहा दिवस मलम लावलं, खाज थांबली, ट्यूब फडताळात गेली. वा रे शहाणे! वरून गवत कापलं म्हणजे मूळ मेलं होय?

तोवर मलाच घेऊन आबांनी, म्हणजे आजोबांनी, पाय पुसले होते. आबांना मधुमेह.

“आबा, चिखल्या झाल्यात तुम्हाला,” आई म्हणाली.

“चिखल्या? मी काय म्हैस आहे चिखलात बसायला? वर्षभरात गॅलरीपलीकडे पाऊल नाही टाकलं!”

“तेही खरंच,” आई म्हणाली.

शिकलेली बाई! नाव चिखल्या म्हणून रोग चिखलातूनच येतो? मग कांजिण्या कांजीतून येत असतील! अहो, ती बुरशी. तिला ओल आणि कोंदट जागा पुरते, आणि बाबांच्या पायांवरून ती मी ओलीसकट आबांना घरपोच देत होतो.

आबांनी बोटांच्या बेचक्यात पडलेल्या भेगेवर पावडर थापली, वर मोजे चढवले. दुखलं नाही, कारण मधुमेहाने पाय बधिर झालेले. भेगेतून जंतू आत शिरले आणि आठ दिवसांत पाऊल घोट्यापर्यंत लालभडक सुजलं, ताप चढला. पाय वाचला. करंगळी काढावी लागली.

आता घरात प्रत्येकाचे वेगळे टॉवेल आहेत, गरम पाण्यात धुतलेले, उन्हात वाळवलेले. आत्ता सुचलं!

मित्रांनो, तुमच्याही घरात मधुमेह असलेलं कुणी असेल. “मला काही होत नाही,” असं ते म्हणतील. बधिर पायांचं दुखणं त्यांना कळतच नसतं. आज त्यांचे मोजे उतरवा, उजेडात बसवा आणि एकेक बोट फाकवून बघा. ओरडतील. ओरडू देत.