यामिनीताईंचा जंतू

त्या वर्षी मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांची अशी झुंबड उडाली होती की ॲडमिशन मिळायची, पण खोली मिळायची नाही. त्यामुळे टार्निट उपनगरातल्या यामिनीताई जेव्हा भाडेकरूची मुलाखत घ्यायला बसल्या, तेव्हा अमरावतीची प्रतीक्षा सगळ्या प्रश्नांना घाबरून खरी उत्तरं देत गेली.

"युनिमध्ये करतेस काय?"

"जुनी अँटिबायोटिक्स आता कित्येक जंतूंवर चालत नाहीत. मी नवं शोधतेय. पीएचडी आहे."

"म्हणजे औषधातलीच आहेस की!" ताई खूश झाल्या. खोली मिळाली.

त्या का खूश झाल्या ते प्रतीक्षाला पुढच्याच आठवड्यात कळलं. ताईंच्या कपाटात गोळ्यांनी भरलेली एक बॅग होती. पुण्याहून येणारा प्रत्येकजण भाकरवडीबरोबर अँटिबायोटिकच्या दोन-चार स्ट्रिप्स आणायचा. इथला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, सर्दीला 'पाणी प्या, आराम करा' म्हणतो, हा गल्लीतल्या मराठी मंडळींना अपमान वाटायचा. पाणी काय, ते घरीही पितात! मग सगळे ताईंकडे यायचे. "कफ पिवळा की हिरवा?" ताई विचारायच्या आणि रंग बघून गोळी द्यायच्या.

एकदा मागच्या रस्त्यावरची मेधा मुलाच्या सर्दीसाठी आली. ताईंनी कौतुकाने प्रतीक्षाला हाक मारली. "तीन दिवस देऊ की पाच?" मेधाने विचारलं.

"एकही नको. सर्दी व्हायरसने होते, त्याला हे औषध लागूच पडत नाही. उलट अंगातले बाकीचे जंतू त्याला सरावतात. मग खरी गरज पडेल तेव्हा काय घेणार?"

"अगदी बरोबर आहे गं," मेधा म्हणाली आणि ताईंकडे वळली. "मग तीनच दिवस देते."

पुढे ताईंना स्वतःलाच लघवीला जळजळ सुरू झाली. दवाखाना घरचाच. दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या परत बॅगेत जायच्या. वाया कशाला घालवायच्या? पंधरा दिवसांनी त्रास पुन्हा, गोळी निराळी. असं दोन-तीनदा झालं. एका शनिवारी दुपारी त्या सोफ्यावर तापाने थरथर कापायला लागल्या. नवरा यतीन ऑफिसच्या कामाला सिडनीत. प्रतीक्षाने त्यांना गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं.

"आधी काही औषध घेतलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नथिंग," ताई म्हणाल्या.

प्रतीक्षाने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि बॅगेची सगळी कथा सांगून टाकली.

"परक्यांसमोर घरातलं काढलंस!" तापातही ताई फणकारल्या. दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. तपासणीत निघालं की इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय आणि तो जंतू बॅगेतल्या एकाही औषधाला जुमानत नाही. शेवटी सलाईनमधून राखून ठेवलेलं औषध दिलं, तेव्हा ताप उतरला.

"तुझं नवं औषध कधी निघणार?" ताईंनी अबोला सोडला.

"निघालंच तर दहा-बारा वर्षं लागतील. आणि निघालं तरी कुलपात ठेवतील. दुसरं काहीच चाललं नाही, तरच द्यायचं."

"म्हणजे खपणारच नाही?"

"म्हणून तर कंपन्या हात लावत नाहीत. आमच्याबरोबर होती ती कंपनी आता केस गळण्यावर काम करतेय."

ताई विचारात पडल्या. "केस माझेही फार गळतात गं," त्या म्हणाल्या.

नवं औषध करून बघायला असा चिवट जंतू प्रतीक्षाच्या लॅबला हवाच होता. ताईंनी परवानगी दिली आणि घरी आल्यावर त्यांचा रुबाबच वाढला. "ना आयईएलटीएस, ना व्हिसा," त्या मेधाला सांगायच्या, "आमचा जंतू थेट रिसर्चला लागला!" बॅग त्यांनी यतीनला नष्ट करण्यासाठी फार्मसीत नेऊन द्यायला लावली. प्रतीक्षाने कंठशोष करून सांगितलेलं सगळं आता ताई सांगायच्या आणि गल्ली मान डोलवायची. प्रतीक्षाने नुसता अभ्यास केला होता, ताई सलाईन घेऊन आल्या होत्या.

मग एका संध्याकाळी प्रतीक्षा लॅबमधून आली ती बुटांसकट खुर्चीत बसली.

"आमच्या औषधाने तुमचा जंतू मेला, ताई."

"मेला?" ताईंचा चेहरा पडला. "सगळाच?"

"सगळा. पण त्याच औषधाने लॅबमध्ये वाढवलेल्या किडनीच्या पेशीही मेल्या. म्हणजे ते बाद. दोन वर्षांचं काम गेलं." तिला रडू फुटलं.

ताईंनी चहा टाकला, आलं जरा जास्तच किसलं. "आता गं?"

"आता पहिल्यापासून. मातीतले जंतू एकमेकांना मारायला जे रसायन सोडतात, त्यातूनच औषध शोधायचं असतं. दुसऱ्या जागची माती आणायची."

"मग आमच्या मागच्या अंगणातली ने की!" ताईंनी तिच्या हातात कप दिला. "फक्त कढीपत्त्याच्या मुळाशी खणू नकोस. मोठ्या मुश्किलीने लागलाय तो."

प्रतीक्षाला रडता रडता हसू आलं. चहा संपवून ती चमचा आणि डबी घेऊन अंगणात उतरली, आणि कुठे खणायचं ते दाखवायला ताई तिच्या मागोमाग.