टाचा जवळ घे, वहिनी!

वहिनीचं केस कापायचं दुकान होतं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी तिचे गुडघे अशी कुरकुर करायचे, की कठडा धरल्याशिवाय तिला जिना चढवत नसे. मोबाइलवर बघून तिने घरीच स्क्वॉट्स सुरू केले, तर गुडघे आणखीच बोंबलायला लागले. शेवटी नणंदेने तिला हाताला धरून जिममध्ये नेलं. नणंद तिथेच ट्रेनर होती. अंगाने काडीपहिलवान म्हणून घरात सगळे तिला चिंगी म्हणत, पण तिचा आवाज चढला की भलेभले मुकाट्याने वजनं खाली ठेवत.

"दाखव, कशी बसतेस," चिंगी म्हणाली.

वहिनी बसायला गेली. दोन्ही गुडघे जत्रेत हरवलेल्या भावंडांसारखे एकमेकांकडे धावले, टाचा उचलल्या आणि ती बदकन मागे पडली.

"सगळं ओझं बिचाऱ्या गुडघ्यांवर! आणि हे मागचे दोघे बघ. बसायच्या जागेचे, अंगातले सगळ्यात मोठे स्नायू, पण घरजावयासारखे नुसते बसून खातायत."

"अगं, हळू बोल!"

चिंगीने तिला मॅटवर उताणं झोपवलं. गुडघे वाकवून तळवे जमिनीला टेकवायला सांगितले. "आता कंबर उचल. ताण कुठे येतोय?"

"मांडीच्या मागे. आई गं, गोळा आला!"

"पाय लांब ठेवलेस ना, म्हणून. टाचा जवळ घे, वहिनी. टाचांनी जमीन दाब, पाठीची कमान करू नकोस, आणि वर गेलीस की मागून घट्ट आवळ. हात लावून बघ."

वहिनीने टाचा ओढून घेतल्या आणि कंबर उचलली. बोटांखाली काहीतरी टणक झालं.

"अगं बाई! जागे झाले!"

शेजारच्या मॅटवर डोळे मिटून पडलेले निवृत्त मास्तर धडपडत उठून बसले. "कोण जागं झालं?"

वहिनीला असं हसू फुटलं, की कंबर धप्पकन खाली आली. चिंगीने तोंडात रुमाल कोंबला. मास्तरांना कारण कळलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "मलाही शिकवा. माझे तर नोकरीत असल्यापासून झोपलेत." मग कोणालाच आवरेना.

हसणं ओसरल्यावर चिंगीने वहिनीच्या गुडघ्यांच्या जरा वर रबरी पट्टा अडकवला. "गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने बाहेर ढकल. मागे खुर्ची आहे असं समजून बस. टाच उचलायची नाही."

वहिनी खाली गेली आणि कोणी उचलून धरावं तशी अलगद वर आली. गुडघे चकार शब्द बोलले नाहीत. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली. "चिंगे, हे माझेच पाय ना?"

दुसऱ्या दिवशी दुकानात तिचा कंगवा खाली पडला. वाकायला गेली तर मांड्या म्हणाल्या, खबरदार! अर्धे केस कापलेल्या बाईंनीच खुर्चीतून उतरून तो उचलून दिला. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. वहिनी इतकी हसली, की कात्री बाजूला ठेवावी लागली.

पण तिने सोडलं नाही. चिंगी हळूहळू तिच्या हातातलं वजन वाढवत गेली, कुरकुर कमी होत गेली, आणि एका संध्याकाळी इमारतीची लिफ्ट बंद पडली. नवऱ्याने बाजाराच्या पिशव्यांकडे बघून सुस्कारा सोडला. वहिनीने दोन्ही पिशव्या उचलल्या. आख्खा तळवा पायरीवर टेकवून, टाचेने रेटत ती निघाली. मागचे दोघे जावई कसे इमानाने राबताहेत, हे तिला पायरीपायरीला जाणवत होतं. तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता ती आणखी भरभर चढली. कठड्याला तिने बोटही लावलं नाही.

खालून नवऱ्याची धापा टाकत हाक आली, "अगं, थांब! आपलं घर खाली राहिलं!"

वहिनीने मान वर केली. समोर गच्चीचं दार होतं.

"राहू दे," ती म्हणाली, "आता आलोच आहोत तर हवा खाऊ." आणि पिशव्यांसकट तिने दार ढकललं.