बाकावरून आलेली हाक

उंची देताना देवाने बाईंच्या बाबतीत हात आखडता घेतला नव्हता. उभं तारुण्य त्या बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघात खेळल्या. आता प्रशिक्षक म्हणून त्यांचा पहिलाच सामना होता. पोरींना आपल्या हिमतीवर खेळायला शिकवायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता.

संघ एका गुणाने मागे होता. सगळ्यांत बुटकी चिमणी चेंडू घेऊन बास्केटखाली मोकळी उभी होती. तेवढ्यात बाई बाकावरून उठून ओरडल्या, "दे!"

जन्माची सवय ती! चिमणीनेही इमानाने चेंडू बाईंनाच दिला, थेट मैदानाबाहेर. बाईंनी तो झेललासुद्धा! शिट्टी झाली, चेंडू समोरच्या संघाला मिळाला आणि प्रेक्षक खो खो हसत सुटले.

मागे प्रेक्षकांत बसलेली बाईंची आई कडाडली, "अगं, किती वर्षं तूच खेळणार? बूड टेकव आता!"

"तुम्हीच मागितलात ना, बाई?" चिमणी रडवेली झाली.

"माझंच चुकलं, बाळा. आता मी मागितला तरी द्यायचा नाही."

बाई हात मांड्यांखाली दाबून बसल्या. पोरींनी चेंडू हिसकावून पुन्हा चिमणीला दिला. तिने बाकाकडे पाहिलं. बाईंनी ओठांवर आलेला शब्द गिळला आणि मनातल्या मनात देवाचा धावा केला.

चिमणीने चेंडू टाकला. तो कडीवर आपटून परतला. या खेपेला मात्र कुणाकडेही न बघता तिने झेप घेऊन तो पकडला आणि पुन्हा वर फेकला.

तो आत जातो का, हे बघायलाही बाई उठल्या नाहीत.