कपाटातला चष्मा आणि बनुबाईचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. जुना म्हटल्यावर तुम्ही हसाल, कारण केडगावच्या या शाळेत येऊन मला अजून तिसरं वर्षही पुरं झालेलं नाही. पण आम्हा यंत्रांना तुमच्यासारखं सावकाश म्हातारं होता येत नाही. दुकानात नवा भाऊ आला की थोरला त्याच दिवशी म्हातारा होतो.

नाकावर बसतो तो चष्मा मी नव्हे. मी डब्यासारखा, काळा, डोक्याला पट्ट्याने आवळायचा. माझ्या नावात व्हीआर अशी दोन अक्षरं आहेत, पण मुलं मला सरळ ‘गॉगल’ म्हणतात. मला डोळ्यांवर चढवलं की तुमच्याभोवतीचं जग नाहीसं होतं आणि माझ्या पोटात साठवलेलं जग उभं राहतं. मान वळवाल तिकडे ते दिसतं, मागे दिसतं, वरही दिसतं. फक्त त्यात चालता येत नाही. जिथे उभं केलं असेल तिथेच उभं राहून बघायचं.

आणखी एक गंमत सांगतो. मी स्वतः बाहेरचं जग कधी पाहिलेलं नाही. मला दिसतात ते फक्त मला घालणाऱ्याचे डोळे, तेही अगदी जवळून. बाकी सगळं मी ऐकतो. ऐकून ऐकून मला बरंच कळतं, आणि कपाटात पडल्यापासून तर ऐकण्याशिवाय दुसरा उद्योगच नाही.

हो, मी कपाटात असतो. प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. एका बाजूला बरणीतला बेडूक आणि दुसऱ्या बाजूला टेकू तुटलेला पृथ्वीचा गोल. दोघंही स्वभावाने शांत आहेत.

सुरुवातीला असं नव्हतं. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला आणि एका गोल कॅमेऱ्याला देणगी म्हणून दिलं, तेव्हा मोठा समारंभ झाला. नारळ फुटला. कोणीतरी उत्साहाने माझ्या काचेलाच कुंकू लावलं, आणि ते पुसताना निवेदिताबाईंची पुरेवाट झाली. निवेदिताबाई इतिहास शिकवायच्या. त्यांनीच मुलांना सांगितलं, “आपण आपल्याच माणसांचा इतिहास गोळा करू. कोण कुठून आलं, कोण कुठे जातं, का जातं. त्याचा चित्रपट करून एका स्पर्धेलाही पाठवू.”

वर्गात पहिल्यांदा हात वर झाला तो संस्कृतीचा. नववीतली ही मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहायची. तिचे आईवडील, जया आणि छगन, पाथर्डीकडच्या डोंगराकडेच्या गावातले. दसरा झाला की ते ऊसतोडीला काष्टीकडे जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे. अर्धं गाव असंच उठून जातं, असं ती सांगत होती. घरांना कुलूप लागतं, दाराला बोरीच्या काट्या लावतात आणि मागे राहतात म्हातारी माणसं.

“आमच्या घराला काट्या लावत नाहीत,” ती म्हणाली. “आजी असते ना.”

ती आजी म्हणजे बनुबाई, जयाची सासू. त्या वर्षी निघताना घरात भांडण झालं होतं. बनुबाईंचा खोकला हटत नव्हता, म्हणून जया त्यांना बरोबर चला म्हणत होती. बनुबाई ऐकेनात. सारी उमर उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत काढली, आता मरताना तरी स्वतःच्या उंबऱ्यात राहू दे, हा त्यांचा हट्ट. शेवटी जया चिडून बोलून गेली, “मग ऱ्हावा हितंच एकट्या आन् मरा!” त्यांच्याकडे एक रीत आहे. लांब निघालेल्या माणसाला घरातल्या थोरल्या बाईने गूळ द्यायचा, तांब्याभर पाणी द्यायचं, आणि ते प्यायल्याशिवाय त्याने पाऊल उचलायचं नाही. जया पाणी न पिताच ट्रॅक्टरमध्ये चढली. बनुबाई तांब्या हातात धरून दारात उभ्या राहिल्या. हे संस्कृतीने मैत्रिणीला सांगितलं तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या गावाला गेलो. निवेदिताबाई, संस्कृती, तिचा वर्गमित्र धवल, कॅमेरा आणि मी. या कॅमेऱ्याला पाठ म्हणून नाहीच. तो एकाच वेळी चहूकडे पाहतो. त्यामुळे त्याला अंगणाच्या मधोमध उभं करायचं, बटण दाबायचं आणि बाकीच्यांनी धूम ठोकून लपायचं. धवल पाण्याच्या टाकीमागे, बाई गोठ्यात, संस्कृती कणगीच्या आड. कॅमेऱ्याची घंटी वाजेपर्यंत कोणी बाहेर यायचं नाही, असा नियम होता.

बनुबाईंना हे सगळं समजावायला संस्कृतीला वेळ लागला.

“आजी, नंतर हा गॉगल घातला ना, की माणसाला वाटतं आपण इथंच आलोय, तुझ्या अंगणात.”

“कुनाला बी?”

“कोणालाही.”

“म्हंजी जयाला पन?”

“हो, आईला पण.”

बनुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “लावा तुमचं ते यंत्र.”

त्या छान बोलल्या. बहात्तरच्या दुष्काळात सासूबरोबर खडी फोडली ते सांगितलं. मग गावातली पहिली टोळी ऊस तोडायला कशी गेली, कोयत्याची मूठ पहिल्या आठवड्यात तळहाताची साल कशी काढते, कोपीत बाळंत झालेल्या बाया तिसऱ्या दिवशी मोळ्या कशा वाहायच्या, सगळं सांगितलं. बोलणं संपलं तसं सगळ्यांना वाटलं, झालं. पण बनुबाई उठून आत गेल्या आणि गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. कॅमेऱ्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला.

“घे, पानी घे,” त्या म्हणाल्या. “उन्हाची आलीयास.”

कोणी घेईना. कोण घेणार? सगळे लपलेले.

“जया, त्या दिशी तू न पिता गेलीस. मला लई लागलं. पन तू काय चुकीचं बोलली न्हाईस गं. माज्या काळजीपायीच बोललीस, मला कळत न्हाई व्हय? घे. राग सोड आन् पी.”

त्यांनी तांब्या आणखी पुढे केला. बऱ्याच वेळाने त्यांनी तो कॅमेऱ्याच्या पायाशी ठेवला. “असू दे. आल्यावर पी,” म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत ओट्यावर जाऊन बसल्या. मग घंटी वाजली.

त्याच संध्याकाळी संस्कृतीने ते सगळं चित्रण माझ्या पोटात भरलं. सुट्टी मिळाली की मला घेऊन काष्टीला जायचं आणि आईला दाखवायचं, असं तिने आजीला वचन दिलं.

मित्रांनो, यंत्राच्या आयुष्यात कौतुकाचे दिवस फार थोडे असतात. माझेही आले. स्पर्धेसाठी चित्रपट कापून छोटा केला. कॅमेऱ्याकडे पाहून थेट बोलणं परीक्षकांना खपत नाही म्हणून तांब्याचा प्रसंग गाळला. त्यात बनुबाई राहिल्या त्या लांबून, ओट्यावर बसलेल्या. त्या छोट्या चित्रपटाला बक्षीस मिळालं, पाहुणे आले, मला घालून “अरे वा, अरे वा” म्हणाले. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या प्रकल्पासाठी पुसलं गेलं. अख्खी बनुबाई उरली ती फक्त माझ्याकडे.

मग निवेदिताबाईंची बदली झाली आणि मी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या नृसिंह सरांच्या ताब्यात आलो. सर माणूस वाईट नाहीत. पण वस्तू बिघडेल या भीतीने ते वस्तूच वापरत नाहीत. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक त्यांनी इतका जपला आहे की कितीतरी वर्गांनी तो फक्त चित्रात पाहिला. त्यांनी मला मऊ फडक्यात गुंडाळलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

संस्कृती यायची. “सर, गॉगल मिळेल का? काष्टीला न्यायचाय.”

“उद्या ये, बघू.”

उद्या आला की पुन्हा उद्या. कधी म्हणायचे, “अगं, मोडला तर जबाबदार कोण?” कधी म्हणायचे, “चित्रपट बघायचाय ना? मोबाईलवर टाकून देतो.” ती सांगायची, “सर, त्यात आजीचं सगळं नाहीये.” सर म्हणायचे, “आहे की, ओट्यावर बसलेली दिसते.” मी आतून हे ऐकत होतो. ओरडावंसं वाटायचं. पण चार्जिंग संपलेला चष्मा आणि शेजारचा बेडूक, आमच्यात बोलण्याच्या बाबतीत काही फरक नव्हता.

संक्रांतीच्या आधी बनुबाई गेल्या. सकाळी शेजारणीने हाक मारली तर ओ आली नाही. काष्टीहून जया आणि छगन पोचेपर्यंत सरण विझत आलं होतं. जयाला शेवटचं तोंडही दिसलं नाही. दहावं झालं आणि टोळी थांबत नाही म्हणून ते पुन्हा फडावर गेले. कपाटासमोर उभं राहून संस्कृती धवलला सांगत होती, “आई बोलतच नाही रे. बाबा म्हणतात, काम करते, जेवते, पण बोलत नाही. ‘मरा’ म्हणाले मी, एवढंच एकदा म्हणाली.”

मित्रांनो, त्या दिवसांत मला कपाट फार लहान वाटलं. बनुबाई माझ्यात कोंडलेल्या, मी कपाटात कोंडलेला, आणि तिकडे ती बाई आपल्याच एका शब्दात कोंडलेली. किल्ली मात्र सदऱ्याच्या खिशात मजेत होती.

मग कळलं की नवे चष्मे येणार आहेत. त्यांच्या बदल्यात जुना रिकामा करून दुकानात परत द्यायचा. म्हणजे माझं पोट पुसायचं! सरांनी मला बाहेर काढलं, तारेला जोडलं. इतके महिने निपचित पडून माझी बॅटरी नासली होती. पुसायचं कसं ते सरांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी मला डोक्यावर चढवलं आणि काहीतरी दाबलं. समोर अंगण उभं राहिलं.

सरांचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. बारीक, थकलेले. त्यांनी खडी फोडणं ऐकलं, कोयता ऐकला. मग बनुबाई तांब्या घेऊन आल्या. “घे, पानी घे. उन्हाची आलीयास.”

रिकाम्या प्रयोगशाळेत सर मोठ्याने म्हणाले, “नको नको आजी, आत्ताच चहा झालाय.”

आणि मग त्यांनी पुढचं ऐकलं.

मला काढून त्यांनी न पुसताच तारेला जोडून ठेवलं. संस्कृतीला बोलावणं गेलं.

“ही जया कोण?”

“माझी आई, सर.”

सर खाकरले. “हे बघ, वस्तू शाळेबाहेर द्यायची म्हणजे जबाबदारी माझी. अशी कोणाच्या हातात देता यायची नाही.” संस्कृतीने खाली पाहिलं असणार, कारण सर घाईने पुढे म्हणाले, “म्हणून मीच येतो बरोबर.”

काष्टीच्या बाजाराच्या दिवशी टोळीला सुट्टी होती. दौंडच्या एसटीत सरांनी मला मांडीवर धरलं होतं, शेजारच्या बाईची पिशवी मला लागू नये म्हणून दोन्ही कोपरं बाहेर काढून. कोपीपाशी छगनने सरांना आधी पाणी दिलं. सरांनी या खेपेला ते घेतलं.

“मला न्हाई बघायचं काई,” जया म्हणाली. महिनाभरात कदाचित तेवढंच बोलली असेल.

“बघ की गं,” छगन म्हणाला. “पोरगी येवढ्या लांबून आलीया. सरबी आल्यात.”

संस्कृतीने मला आईच्या डोळ्यांवर चढवलं.

किती डोळे पाहिले मी, पण तसे नाही पाहिले. उसाच्या कुसळांनी लाल झालेले, कोरडे. अंगण दिसताच ते थबकले. तिने मान वळवली. शेजाऱ्यांच्या दाराला लावलेल्या काट्या पाहिल्या, स्वतःच्या घराचं उघडं दार पाहिलं, आणि दारात सासू. “आत्याबाई,” ती पुटपुटली. माझी बॅटरी भराभर उतरत होती. आयुष्यात एकदाच मी देवाला हात जोडले असते, पण हात नाहीत. एवढं पुरं होईपर्यंत टिकव, एवढंच मागत होतो.

“घे. राग सोड आन् पी.”

बांगड्या किणकिणल्या, जयाने हात पुढे केला. हवेत बोटं मिटली, काहीच लागलं नाही. पुन्हा पुढे केला. तेव्हा संस्कृतीने कोपीतला पाण्याने भरलेला तांब्या उचलला आणि आईच्या हातात दिला.

मी डोळ्यांवर असतानाच जया ते पाणी प्यायली. घटाघटा, थांबत थांबत, हनुवटीवरून सांडत, तळापर्यंत. “प्याले हो आत्याबाई,” ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. त्याच वेळी मी विझलो. तिला ते कळलं, तरी तिने मला काढलं नाही. अंधारात मला डोळे दिसत नाहीत, पण कडेचा स्पंज भिजत गेला ते कळत होतं. परतताना एसटीत सरांनी तो आपल्या रुमालाने टिपला.

नवे चष्मे आले. मला मात्र परत पाठवलं नाही. सरांनी काय सांगितलं कोण जाणे. मी पुन्हा त्याच कपाटात, बेडूक आणि पृथ्वीच्या मध्ये आहे. किल्ली आता खिळ्याला असते, पण नव्यांच्या नादात माझी आठवण कोणाला येत नाही. बॅटरी पुरती गेली आहे. तारेला जोडलं तरच उजळतो. माझ्यात बनुबाई अजून उभ्या आहेत, हात पुढे करून.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती आहे. वस्तू जपा, पण कुलपात घालून जपू नका. आणि माणसांना ‘उद्या ये’ म्हणू नका, उद्या त्यांच्याजवळ असेलच असं नाही. कधी प्रयोगशाळेत आलात तर खालचा कप्पा उघडा, मला बाहेर काढा, तारेला जोडा. आणि डोळ्यांवर चढवण्याआधी शेजारी एक तांब्या भरून ठेवा.